चिपमधली वीज जाते कुठे?

पत्रं वेगवेगळ्या तालुक्यांतून आली, पण बहुतेकांचा रोख एकच आहे: एवढीशी चिप, ती वीज किती खाते आणि ती वाचवायची कशी? बंगळूरला मी बरीच वर्षं चिप डिझाइनमध्ये होते. चिप कारखान्यात जाण्याआधी तिचा वीजवापर मोजायचा आणि तो कमी होईपर्यंत डिझायनरांचा पिच्छा पुरवायचा, हेच माझं काम होतं. नंतर फोंड्याला परतले आणि हाच विषय शिकवला. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ या एकाच विषयाला दिला आहे.

प्रश्न: मॅडम, एप्रिल-मे महिन्यांत स्कूटरच्या होल्डरला फोन लावून, नकाशा चालू ठेवून मी पणजीला जातो. पर्वरीपर्यंत पोचेतो फोन हाताला चटका देतो आणि मग अगदी रेंगाळत चालतो. त्यात मोटर नाही की हीटर नाही. मग एवढी उष्णता येते कुठून? — बँकेतून निवृत्त झालेले वाचक, म्हापसा

उत्तर: चिपमध्ये यंत्राचा भाग हलत नाही हे खरं, पण विद्युतभार सतत हलत असतो. ट्रान्झिस्टर हा स्विच. शून्याचा एक करायचा तर पुढची तार आणि पुढच्या ट्रान्झिस्टरचं गेट (स्विच चालू-बंद करणारं टोक) यांच्यात भार भरावा लागतो. एकाचा शून्य करायचा तर तोच भार सोडून द्यावा लागतो. प्रत्येक फेरीत बॅटरीतून घेतलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते: अर्धी भरताना, अर्धी सोडताना. एका फेरीतली ऊर्जा नगण्य असते. पण आजच्या फोनच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर हजारो कोटींच्या घरात असतात आणि चिपचं काम ज्या तालावर चालतं ते ठोके सेकंदाला शेकडो कोटी पडतात. सगळे ट्रान्झिस्टर एकाच वेळी बदलत नाहीत, म्हणूनच फोन हातात धरता येतो.

हिशेब असा मांडतात: धारिता (एका व्होल्टला किती भार मावतो ते) गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारिता (सेकंदाला पडणारे ठोके), आणि त्याला प्रत्यक्षात किती स्विच बदलले त्या प्रमाणानं गुणायचं. यातला ‘वर्ग’ लक्षात ठेवा. व्होल्टेज निम्मं केलं की ही वीज चौथाईवर येते. चिपची वीज वाचवण्याच्या बहुतेक युक्त्या या एका शब्दाभोवती फिरतात.

दुसरा भाग गळतीचा. स्विच बंद असला तरी त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि तापमान वाढलं की ही गळतीही वाढते. तुमचा त्रास नेमका इथे आहे. वरून मे महिन्याचं ऊन, आतून नकाशा, जीपीएस, मोबाइल डेटा आणि पूर्ण उजेडावरचा पडदा. चिप तापते म्हणून गळती वाढते, गळती वाढते म्हणून चिप आणखी तापते. एका मर्यादेला चिप स्वतःच वारंवारिता आणि व्होल्टेज उतरवते आणि फोन रेंगाळतो. हा बिघाड नव्हे, ती स्वतःचं रक्षण करते आहे. होल्डरला सावली करा, त्या वेळी चार्जर लावू नका, आणि नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या. शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल, पण रेडिओवरून माहिती आणणं हे फोनच्या महाग कामांपैकी एक आहे.

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सात नॅनोमीटर, पाच, तीन, असं होत होत ट्रान्झिस्टर बारीक झाले की वीज आपोआप कमी होते, असं वर्गात सगळे म्हणतात. तसं असेल तर ते श्रेय कारखान्याचं झालं. डिझायनरनं त्यात वेगळं काय करायचं? — विद्यार्थिनी, फर्मागुडी

उत्तर: तुझा प्रश्न या पत्रांमधला सगळ्यांत मोलाचा आहे, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

‘आपोआप’ हे एके काळी खरं होतं. १९७४ साली आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की ट्रान्झिस्टरची मापं आणि व्होल्टेज एकाच प्रमाणात उतरवली, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर मावतात, ते जास्त वेगानं चालतात, आणि तरीही प्रति चौरस मिलिमीटर वीज तेवढीच राहते. जवळजवळ तीस वर्षं उद्योग या नियमावर चालला. मग व्होल्टेज उतरवणं अडलं. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये, खोलीच्या तापमानाला, गेटचं व्होल्टेज सुमारे ६० मिलिव्होल्टनं खाली आणलं की गळती दहाव्या हिश्शावर येते. त्यापेक्षा वेगानं ती कमी करता येत नाही. ही हद्द भौतिकशास्त्रानं घातलेली आहे, कारखान्याच्या कौशल्याचा तिथं उपयोग नाही. व्होल्टेज फार उतरवलं तर स्विच नीट बंदच होत नाही. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि त्याच वर्षी चार गिगाहर्ट्झच्या आवृत्तीचा बेत कंपनीनं रद्द केला. तेव्हापासून नुसत्या वेगाची शर्यत थांबली आणि एका चिपवर अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्र गणक, बसवण्याचा काळ आला.

कारखान्यांनी पुढे काही केलं नाही असं नाही, खूप केलं. २००७ मध्ये गेटखालच्या थरात हाफ्नियमचं संयुग आलं. २०११ मध्ये इंटेलनं २२ नॅनोमीटरसाठी फिनफेट जाहीर केला. त्यात प्रवाहाची वाट सपाट न ठेवता उभी केली आणि गेट तिच्या तीन बाजूंनी आलं. त्या कल्पनेवर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात चेनमिंग हू यांच्या गटानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून काम केलं होतं. २०२२ मध्ये सॅमसंगनं चारही बाजूंनी गेट वेढलेले ट्रान्झिस्टर उत्पादनात आणले. या सगळ्यामागे हेतू एकच: स्विच नीट बंद व्हावा. आणि ‘तीन नॅनोमीटर’ हे आता पिढीचं नाव आहे. त्या चिपमध्ये तीन नॅनोमीटरचं माप शोधू नकोस, सापडणार नाही.

आता डिझायनरकडे येऊ. १९९२ साली बर्कलीमध्ये अनंत चंद्रकासन यांनी सॅम्युएल शेंग आणि रॉबर्ट ब्रॉडरसन यांच्याबरोबर एक शोधनिबंध लिहिला. चंद्रकासन मूळचे चेन्नईचे, पुढे एमआयटीत गेले. माझ्या मते लो-पॉवर डिझाइन शिकणाऱ्यानं सुरुवात या निबंधापासून करावी. त्यांनी एक लहानसं सर्किट घेतलं, दोन संख्या मिळवणारं आणि उत्तराची तुलना करणारं, पाच व्होल्टवर चालणारं. मग त्याच्या दोन प्रती शेजारी-शेजारी ठेवल्या आणि प्रत्येकीला निम्म्या वेगानं चालवलं. एकूण काम तेवढंच झालं. पण वेग निम्मा असल्यामुळे व्होल्टेज २.९ पर्यंत उतरवता आलं. हिशेब तूच करून बघ. जादा तारांसकट धारिता २.१५ पट झाली, वारंवारिता निम्मी, आणि २.९ भागिले ५ याचा वर्ग सुमारे ०.३४. गुणाकार केलास की ०.३६ येतो. म्हणजे तेवढ्याच कामासाठी, त्याच कारखान्यात, त्याच ट्रान्झिस्टरवर, जवळजवळ दोन-तृतीयांश वीज वाचली. किंमत मोजली ती जागेत: क्षेत्रफळ ३.४ पट झालं. वेग विकत घ्यायचा तर व्होल्टेजच्या वर्गानं पैसे मोजावे लागतात. जागा त्या मानानं स्वस्त पडते. आजच्या फोनमध्ये आठ-आठ कोअर आणि ग्राफिक्स चिपमध्ये हजारो लहान गणक का असतात, याचं मोठं कारण या हिशेबात आहे.

हे झालं मोठं पाऊल. रोजचं काम बारीक असतं. माझ्यापुढे येणाऱ्या वीज-अहवालांत सर्वांत जास्त दिसायचा तो एक प्रकार: एखादा गुणाकार-ब्लॉक प्रत्येक ठोक्याला इमानानं गुणाकार करतो आहे आणि त्याचं उत्तर कोणी वाचतच नाही. पुढचा मल्टिप्लेक्सर (अनेक उत्तरांतून एक निवडणारा भाग) दुसऱ्याच ब्लॉकचं उत्तर निवडून बसलेला. काम बरोबर चालतं, चाचण्या सगळ्या पास होतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त वीज-अहवालात ते दिसतं. उपाय सोपा: त्या ब्लॉकचे इनपुट गोठवायचे आणि त्याचं क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा संकेत, अडवायचं. यालाच क्लॉक गेटिंग म्हणतात. क्लॉकची तार चिपभर पसरलेली असते आणि प्रत्येक ठोक्याला वर-खाली होते, त्यामुळे पुष्कळ चिपांमध्ये वीज खाणारा सर्वांत मोठा एकटा घटक तोच असतो. ब्लॉक फार वेळ रिकामा राहणार असेल तर त्याचा वीजपुरवठाच तोडायचा, म्हणजे गळतीही थांबते. पण मग त्यातली माहिती पुसली जाते. काय जपून ठेवायचं, परत जागं व्हायला किती वेळ लागेल, हे सगळं आधी ठरवावं लागतं.

ही कामं कारखाना करून देत नाही. ब्लॉक कधी झोपणार आणि कधी उठणार हे फक्त तो लिहिणाऱ्याला माहीत असतं. प्रोजेक्टच्या अहवालात आमची मुलं वेग लिहितात, क्षेत्रफळ लिहितात, आणि विजेचा रकाना टूलनं दिला तसा चिकटवून देतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो रकाना उघड, ब्लॉकवार बघ, आणि प्रत्येक आकड्याला विचार: हे काम झालं नसतं तर कोणाचं काय अडलं असतं?

प्रश्न: आमच्या हॉटेलच्या कार्यालयासाठी लॅपटॉप घ्यायचे आहेत. आर्म चिपचे लॅपटॉप वीज कमी खातात असं विक्रेता सांगतो. त्यावर जास्त पैसे घालावेत का? — लेखापाल, कळंगुट

उत्तर: वीजबिलासाठी घालू नका. कार्यालयीन कामात कुठलाही बरा लॅपटॉप साधारण दहा-पंधरा वॅटच्या आसपास राहतो. तुमच्या हॉटेलच्या एसी आणि शीतगृहापुढे ती वीज हिशेबात येणार नाही. बॅटरी दिवसभर टिकावी, पंख्याचा आवाज नको, वीज गेली तरी रिसेप्शनवरचं काम चालू राहावं, यासाठी मात्र जरूर घ्या. आधी एकच खात्री करा: तुमचं हिशेबाचं आणि बुकिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर मिळतो का.

आर्मचं नाव आलं म्हणून सांगते. ही चिप केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखली. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालली. त्यांना महागडं सिरॅमिकचं आवरण परवडणारं नव्हतं, प्लास्टिकचं हवं होतं, म्हणून उष्णता एक वॅटच्या आत ठेवायची होती. वीज मोजायला मीटर लावला तर तो शून्य दाखवू लागला. शोधल्यावर कळलं की चिपला मुख्य पुरवठा जोडलेलाच नव्हता. बाकीच्या पिनांवरून येणाऱ्या संकेतांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. तिच्यात ट्रान्झिस्टर फक्त पंचवीस हजारांच्या आसपास होते. त्या काळी बॅटरीवरचे फोन कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. खर्चाच्या बंधनातून आलेला साधेपणा पुढे साऱ्या जगाच्या खिशात पोचला.

प्रश्न: एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड वीज आणि पाणी लागतं असं रोज वाचते. विद्यार्थ्यांना काय सांगू? नव्या चिप येतील आणि प्रश्न सुटेल, असं सांगणं प्रामाणिकपणाचं होईल का? — माध्यमिक शिक्षिका, डिचोली

उत्तर: अर्धं सांगणं प्रामाणिकपणाचं होईल. आधी तो अर्धा भाग घेऊ.

२०१४ साली स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत काही आकडे मांडले. ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये ८ बिटांचा एक गुणाकार सुमारे ०.२ पिकोज्यूल (एक पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग) घेतो. ३२ बिटांचा, दशांश चिन्ह सरकवणारा गुणाकार ३.७ पिकोज्यूल. आणि चिपबाहेरच्या मेमरीतून ६४ बिट आणायला १,३०० ते २,६०० पिकोज्यूल. मुलांना फळ्यावर हे तीन आकडे एकाखाली एक लिहून दाखवा. गणित करणं स्वस्त आहे. ज्यावर गणित करायचं ती संख्या आणणं महाग. एका मिरचीसाठी वाळपईहून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाऊन यावं, तसं हे चालतं.

भाषा तयार करणाऱ्या एआयमध्ये ही ये-जा फार असते. सातशे कोटी आकड्यांचं मॉडेल घ्या. प्रत्येक आकडा १६ बिटांत ठेवला तर ते १४ गिगाबाइट होतं. एकट्या माणसाला उत्तर देताना प्रत्येक शब्दखंडासाठी हे चौदाच्या चौदा गिगाबाइट मेमरीतून वाचावे लागतात. म्हणून नव्या चिपमधलं बरंचसं संशोधन ही ये-जा कमी करण्याचं आहे. आकडे चार बिटांत मावले तर तेच काम साडेतीन गिगाबाइटवर येतं. मेमरीचे थर एकावर एक रचून गणकाच्या अगदी शेजारी बसवतात, म्हणजे तारा आखूड होतात. अनेकांचे प्रश्न एकत्र घेऊन एकदा आणलेला आकडा सगळ्यांसाठी वापरतात. मेमरीच्या आतच बेरीज-गुणाकार करण्याचेही प्रयोग चालू आहेत.

गुगलची टीपीयू ही चिप याचं चांगलं उदाहरण आहे. २०१५ पासून ती त्यांच्या डेटा सेंटरांत होती. तिच्यात ८ बिटांचे ६५,५३६ गुणक चौकोनात मांडलेले आहेत आणि एका गुणकाचं उत्तर थेट शेजारच्याला मिळतं, मधे मेमरीत जातच नाही. २०१७ च्या शोधनिबंधात त्यांनी लिहिलं की त्या वेळच्या सर्वसाधारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपच्या तुलनेत प्रति वॅट काम ३० ते ८० पट झालं. वेग २८ नॅनोमीटरवर फक्त ७०० मेगाहर्ट्झ होता. कारखाना जुना, ठोका मंद, आणि तरी एवढा फरक पडला, कारण मांडणी बदलली.

आता उरलेला अर्धा भाग. प्रति वॅट काम वाढलं म्हणून एकूण वीज कमी झालेली नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वापरले, जगाच्या वीजवापराच्या दीड टक्क्याच्या आसपास, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त होईल असं तिला वाटतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वाफेची इंजिनं सुधारली तसा कोळसा कमी न लागता जास्त लागू लागला, हे विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवलं होतं. काम स्वस्त झालं की आपण ते जास्त करतो. चिप डिझायनर एका कामाची वीज उतरवू शकतो. ती कामं किती आणि कशासाठी करायची, हे त्याच्या हातात नाही. ते वापरणाऱ्यांच्या, कंपन्यांच्या आणि सरकारांच्या हातात आहे. मुलांना हे दोन्ही सांगा. आठवी-नववीच्या मुलांना ते कळतं, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: आमची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, आहे, कोरगुट भात करतो. मानशीच्या (बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेच्या) दाराजवळ पाण्याची पातळी मोजायला मी आर्डुइनो उनो हा लहानसा कॉम्प्युटर-बोर्ड बसवला. रात्री भरतीला दार नीट बंद झालं नाही तर खारं पाणी आत येतं, ते लगेच कळावं म्हणून. यंत्र चालतं, पण पेन्सिल सेलचा संच दोन दिवसांत संपतो. सोलर पॅनेल लावावं का? — तरुण शेतकरी, चोडण

उत्तर: पॅनेल आत्ताच नको. ते बांधावर टिकवणं, चोरीपासून जपणं, पावसाळ्यात ढगाळ आठवडे निभावणं, हा सगळा नवा व्याप होईल. आधी वीज कुठे जाते ते बघू या. तुम्ही करता आहात ते काम मला फार आवडलं, म्हणून आकड्यांसकट सांगते.

उनोचा बोर्ड सतत सुमारे ४५ मिलिअँपिअर घेतो. पेन्सिल सेलची क्षमता साधारण २,००० मिलिअँपिअर-तास धरा. भागाकार केलात की ४४ तास येतात, म्हणजे तुमचे दोन दिवस बरोबर जुळले. पण ही वीज मोजणारी मुख्य चिप खात नाही. बोर्डवर यूएसबीसाठी दुसरी चिप आहे, व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर आहे, दिवा आहे. ते रात्रंदिवस चालू राहतात. मुख्य चिप एटीमेगा ३२८पी आहे. ती गाढ झोपेत एका मायक्रोअँपिअरहून कमी घेते. वेळेवर उठण्यासाठी तिच्यातला वॉचडॉग टायमर चालू ठेवला तर पाच-सहा मायक्रोअँपिअर धरा.

म्हणून असं करा. नुसती एटीमेगा ३२८पी वेगळ्या लहान बोर्डवर घ्या, रेग्युलेटर आणि दिवा काढून टाका, आणि दोन पेन्सिल सेलवर थेट चालवा. आतलं क्लॉक चार मेगाहर्ट्झ किंवा त्याखाली ठेवा, म्हणजे सेल उतरत गेले तरी १.८ व्होल्टपर्यंत ती चालेल. पातळी मोजणारा सेन्सर कमी व्होल्टेजवर चालणारा निवडा आणि त्याची वीज मॉस्फेट या ट्रान्झिस्टर-स्विचमधून द्या. मोजताना चालू, एरवी पूर्ण बंद. दर पंधरा मिनिटांनी उठायचं, सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं, परत झोपायचं. सरासरी काढली तर झोपेचे सहा मायक्रोअँपिअर, मोजणाऱ्या चिपचा अर्धा-एक, सेन्सरचे दीड-दोन. सगळं मिळून आठ-नऊ.

आता निरोप पाठवणं. तुमच्याकडे लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर निरोप पाठवणारा रेडिओ) आहे असं पत्रात लिहिलंय, ते योग्य आहे. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी परवान्याशिवाय वापरता येतो. पाठवताना ते सुमारे ४० मिलिअँपिअर घेतं, आणि निरोपाला एक सेकंद धरू. दर पंधरा मिनिटांनी पाठवलंत तर सरासरी ४४ मायक्रोअँपिअर होतात, म्हणजे बाकी सगळ्याच्या पाचपट एकट्या रेडिओचे. डेटा सेंटरच्या उत्तरात जे लिहिलं तेच इथं बांधावरही खरं आहे: विचार करणं स्वस्त, कळवणं महाग. तेव्हा विचार चिपलाच करू द्या. भरती-ओहोटीची नेहमीची चढ-उतार तिला ठरवून द्या. पातळी त्या हद्दीत असेल तर गप्प राहायचं, आणि यंत्र जिवंत आहे एवढं कळायला तासातून एकदा निरोप द्यायचा. हद्द ओलांडली की मात्र ताबडतोब कळवायचं. असं केलंत की रेडिओ अकरा मायक्रोअँपिअरवर येतो आणि एकूण बेरीज वीसच्या आसपास राहते. कागदावर हा सेल अकरा वर्षं पुरतो. प्रत्यक्षात तो इतका टिकणार नाही. आपली दमट खारी हवा, सेलची स्वतःची झीज, गंजणारी स्प्रिंग या गोष्टी आधी येतील. दर पावसाळ्याआधी सेल बदला, डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि बोर्डवर लाखेचा थर द्या.

सूचना अशी की मोबाइलवर इशारा आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. तासाचा निरोप दोनदा चुकला तर घरच्या यंत्रानं तोच इशारा समजावा. भात वाचवायचं काम आहे, तिथं ही एक ओळ प्रोग्राममध्ये हवीच.

प्रश्न: मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला चिप डिझाइनची ओढ आहे. पण त्यासाठी कोट्यवधींची सॉफ्टवेअर आणि कारखाने लागतात म्हणे. गोव्यात राहून ती हे शिकू शकेल का? — पालक, केपे

उत्तर: शिकू शकेल. नोकरीसाठी बहुधा बंगळूर, हैदराबाद किंवा नोएडा गाठावं लागेल, ते तयारीत ठेवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळूरला १९८५ मध्ये केंद्र काढलं, तेव्हापासून जगातल्या मोठ्या चिप कंपन्यांची डिझाइनची कामं तिथं होत आली आहेत. हल्ली घरून काम करणारे काही जण गोव्यात राहू लागलेत, पण नवख्या माणसानं पहिली काही वर्षं अनुभवी लोकांच्या शेजारी बसूनच काढावीत, असं मी आग्रहानं सांगेन.

शिकण्यापुरता खर्च मात्र आता अडसर राहिलेला नाही. रिस्क-व्ही हा प्रोसेसरचा आज्ञासंच २०१० मध्ये बर्कलीला सुरू झाला; तो वापरायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर त्याच्यावरच उभे आहेत आणि त्यांचा कोड खुला आहे, तो तिला वाचता येईल. २०२० मध्ये गुगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरच्या कारखान्याची डिझाइन-माहिती खुली केली. ओपनलेन नावाच्या मोफत टूलसंचात ती वापरून कोडपासून थेट चिपच्या नकाशापर्यंत जाता येतं. साधा लॅपटॉप पुरतो. १३० नॅनोमीटर जुनं म्हणून नाक मुरडू नये. आपल्या मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर काम चालतं, आणि अंतराळयानांसाठीचा ‘विक्रम’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर तिथंच बनतो.

तिला या चवथीच्या सुट्टीत एक काम द्या. सोळा बिटांचा साधा गुणक आणि त्याच्यापुढे एक रजिस्टर (आकडा धरून ठेवणारा भाग) व्हेरिलॉग या सर्किट लिहायच्या भाषेत लिहायचं, ओपनलेनमधून काढायचं आणि वीज-अहवाल ठेवून द्यायचा. मग ‘गरज आहे’ असं सांगणारी एक तार त्यात घालायची. ती शून्य असेल तेव्हा गुणकाचे इनपुट बदलू द्यायचे नाहीत. सिम्युलेशनमध्ये दर दहा ठोक्यांतून एकदाच ती तार वर करायची, आणि त्या सिम्युलेशनमधल्या स्विचिंगची फाइल टूलला देऊन अहवाल पुन्हा काढायचा. फाइल दिली नाही तर टूल स्वतःच्या अंदाजावर आकडे देतं आणि फरक कळत नाही. नवशिके बहुतेक इथंच अडतात. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून कुठला आकडा किती उतरला आणि कुठला उतरला नाही, हे तिनं स्वतःच्या शब्दांत लिहावं. गळतीचा आकडा जवळजवळ तसाच राहिलेला दिसेल. तो का, हे तिला सांगता आलं तर ते पान मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा, मी वाचून तिला उत्तर लिहीन.